फाउंड्रीच्या दारातला गूळ
गुऱ्हाळावरून जाताना उकळत्या रसाचा वास आला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझं मात्र डोकं तापतं. माझे वडील शिरोलीच्या एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला होते. एकदा ते डबा विसरले म्हणून मी तो घेऊन गेले. शेडमध्ये साच्यांच्या काळ्या वाळूची धूळ तरंगत होती आणि दारात सुपरवायझर परातीतून प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवत होता. खोकत खोकत वडिलांनीही हात पुढं केला. त्यांना शुगर होती; डॉक्टरांनी गोड बंद आणि कामावर मास्क, असं बजावलं होतं. मी म्हणाले, "काका, गूळ नको, त्यांना मास्क द्या." तो हसला. "मास्कनं जीव गुदमरतोय पोरी. गुळानं धूळ खाली उतरती की! आमच्या आज्यापासनं चालत आलंय." "गूळ जातो पोटात, धूळ बसते फुप्फुसात. मग उतरणार कशी?" मी ओरडलेच. "लई शिकलीया पोरगी तुमची," असं वडिलांना म्हणत तो आत वळला, आणि वळता वळता खिशातून जाड मास्क काढून त्यानं स्वतःच्या नाकावर चढवला. वडील बघतच राहिले. मग त्यांनी हातावरचा खडा परातीत परत टाकला आणि मोठ्यानं विचारलं, "सायेब, तुमी न्हाय व्हय गूळ खात?" रांगेतले सगळे त्याच्या मास्ककडं बघू लागले. पुढं सगळ्यांना मास्क मिळाले. पण जिना चढताना वडील अजून धाप लागून मध्येच थांबतात, आणि त्या दारातून गुळाची परात काही हललेली नाही.