मिठ्ठूवाल्या मावशी

एका हाताने पदर नाकावर ओढायचा, दुसरा हात बटणावर ठेवायचा आणि ओरडायचं, "डोये मिटा, तोंड मिटा!" आमच्या गल्लीतल्या मावशींचं मिरची कांडप असं सुरू व्हायचं. अमरावतीत माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या अगदी समोर. उन्हाळ्यात मी कागद कमी काढायचो आणि शिंका जास्त.

मावशी एकट्याच राहायच्या. सोबतीला पिंजऱ्यातला मिठ्ठू. एका आंधीत तो कडुलिंबावरून खाली पडला, पंख अधू झाला आणि त्यांच्याकडेच राहिला. बोलायला म्हणून त्याने मावशींची तेवढी आरोळीच शिकून घेतली. मशीन बंद असतानाही तो ओरडायचा, "डोये मिटा!" आणि रांगेतल्या बाया खुशाल डोळे मिटून उभ्या राहायच्या. मावशी हसता हसता खोकायच्या. खोकला तसा त्यांना बारमाही होता.

मी एकदा म्हटलं, "मावशी, एवढ्या धुराळ्यात पाखराला त्रास होईल."

"भाऊ, त्याचं तं जेवनच मिरची! पोपटाले मिरची कायची लागते?"

मला पटलं. खरं सांगा, तुम्हालाही पटलं असतं.

मार्चमध्ये, ऐन हंगामात, मिठ्ठू पिसं फुगवून बसला. चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागला. खाईना, बोलेना. मावशींनी त्याची दृष्ट काढली. तीही पिंजऱ्याखाली सुक्या मिरच्या जाळून!

इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी हात जोडले. म्हणाले, "मी म्हशी पाहतो." पाखरांचा दवाखाना अकोल्याला आहे असं कळलं, तेव्हा दुकान बंद करून मीही सोबत निघालो. एसटीत कंडक्टरने मांडीवरचा पिंजरा बघून विचारलं, "याचं तिकीट?"

"त्याले उडता आलं असतं तं तुया गाडीत कायले बसलो असतो?" मावशी म्हणाल्या. अख्खी एसटी हसली. मावशी मात्र पिंजऱ्याला घट्ट धरून होत्या.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी मिठ्ठूला टॉवेलमध्ये धरून तपासलं. "घरात धूर होतो का?"

"नाई हो. मिरची कांडपाची मशीन हाये फक्त."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मावशी, मिरची पोटात जाणं वेगळं आणि छातीत जाणं वेगळं. औषध देते. पण परत तिथे ठेवलात तर हा वाचणार नाही." मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही किती वर्षांपासून खोकता?"

"मायं सोडा. त्याचं बोला."

पिंजरा मागच्या गल्लीत माझ्या घरी आला. पण मिठ्ठू मावशींच्या हातूनच खायचा. म्हणून मावशी दिवसातून तीनदा मशीन थांबवायच्या, अंघोळ करायच्या, धुतलेलं लुगडं नेसायच्या आणि पेरूची फोड घेऊन यायच्या. मिरच्या घेऊन बाया दारात आणि मालकीण न्हाणीत! गल्लीत थट्टा झाली. मीही केली.

पाचव्या दिवशी त्याने पहिल्यांदा अख्खी फोड संपवली. मावशी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, मी मशीन इकून टाकतो. बार्शीटाकळीले पोरीच्या वावरात जाऊन राहतो."

"ऐन हंगामात? काहून?"

"हंगाम तं दरसाल येते. हा गेला तं येते का?"

स्वतःच्या खोकल्यासाठी त्या बाईने एक दिवसही मशीन थांबवलं नव्हतं.

आता मावशींच्या बंद शटरपुढे अजून बाया येतात, मिरच्यांच्या पिशव्या घेऊन. मला विचारतात. मी सांगतो, "पोपटाला सोसत नव्हतं म्हणून गेल्या."

"काहीतरीच! खरं कारण सांगा ना भाऊ."

मग मी मोबाईल काढतो आणि मावशींच्या मुलीने पाठवलेला फोटो दाखवतो. बाभळीखाली बाज, बाजेवर मावशी, खांद्यावर मिठ्ठू. तो त्यांचे पांढरे केस चोचीने विंचरतोय, आणि त्यांनी समाधानाने मान एका अंगाला कलती केली आहे. बाया फोटो बघत राहतात. मग पिशवी उचलून दुसरं कांडप शोधायला निघतात.