बरफवाली

आमच्या ताईला कोणी चांगली बातमी सांगितली, की ती आधी विचारायची, "अन् तसं नाही झालं त?" माझ्या लग्नात आचारी म्हणाला, जेवण पुरेल. हिनं तेच विचारलं आणि शेजारच्या घरी पायलीभर तांदूळ निवडून ठेवायला लावले. जेवण पुरलं. ती जराही ओशाळली नाही.

ताई म्हणजे माझी नणंद. सोनाळ्याहून खाली, पूर्णेच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात आमचं गाव. गावातल्या निम्म्या माणसांनी समुद्र पाहिलेला नाही. तिथली ही मुलगी शिकत शिकत पीएच.डी. झाली आणि परदेशातल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची करारावरची संशोधक, म्हणून दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाचा अभ्यास करू लागली. तो बर्फ किती वेगानं समुद्रात उतरेल आणि समुद्र किती वर चढेल, याची गणितं ती संगणकावर मांडायची. गावानं तिचं नाव ठेवलं, बरफवाली.

त्या वर्षी बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगवायूचा झटका आला. तिच्या दोन वर्षांच्या कराराचं शेवटचं वर्ष चालू होतं. उरलेले महिने घरून काम करायची परवानगी काढून ती आली. मोठा संगणक तिकडे, आणि ही आमच्या गच्चीवर टाकीच्या सावलीत, रेंज मिळेल तिथं. तोच बर्फ ती शेकडो वेळा वितळवून बघायची, दर वेळी अटी थोड्या बदलून.

बुद्धविहारात जमणाऱ्या बायकांनी एकदा तिला विचारलं, "थो बरफ घसरते म्हणजे काय होते वं?" ती त्यांना घरी घेऊन आली. भाव चढेल या आशेनं आम्ही मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता, दाराला आडव्या फळ्या लावून. तिनं एक फळी ओढली. मागचा ढीग हळूहळू ओसरीत सरकत आला. बायका हसल्या.

"समुद्रावर तरंगते तो बरफ म्हणजे हे फळी," ताई म्हणाली. "फळी गेली का मागचा थांबत नाही. अन् हा कापूस भरता येते, तो बरफ नाही भरता येत."

कापूस अर्थातच मला भरावा लागला.

जूनमध्ये ह्यांनी झाडातच अळीचं विष असलेल्या बीटी कपाशीची पाकिटं आणली. त्यांच्यासोबत साध्या कपाशीचं एक लहान पाकीट येतं. ते शेताच्या कडेनं लावायचं, म्हणजे अळीला साधं खाणं मिळतं आणि बीटीचं विष पचवायला ती लवकर शिकत नाही. आमच्याकडे ते कोणीच लावत नसे. ह्यांनीही कोपऱ्यात फेकलं.

"दादा, काऊन फेकलं?"

"दुकानदार म्हणते, अळी लागतच नाही."

"अन् लागली त?"

"एवढ्या सालात लागली का?"

"म्हणूनच भेव वाटते मले."

तिनं स्वतः वाकून धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं ते बी टोबलं. आजूबाजूच्या एकाही शेतात ते कोणी टोबलं नाही.

पीक जोरात आलं. झाडाला बोंडं मावत नव्हती. ताई मात्र रोज सकाळी जाऊन हिरवी बोंडं अंगठ्यानं फोडून बघायची, आणि हे चिडायचे. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी तिनं हाक मारली. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या बोंडात गुलाबी अळी, सरकीत तोंड खुपसून बसलेली. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. मग आम्ही तिघंही तासानं, ओळीमागून ओळ, फोडतच चाललो. शेवटी हे बांधावर बसले.

"तू सांगतलं होतं," एवढंच म्हणाले.

"मी चुकावं असंच वाटत होतं दादा," ताई म्हणाली, आणि रडली. त्या मोसमात गावात धड कापूस कोणाच्याच घरी आला नाही.

त्याच आठवड्यात तिच्या तिकडच्या सरांचा निरोप आला. तिच्या शेकडो गणितांपैकी मोजक्याच गणितांत बर्फ फार लवकर कोसळत होता. ती अपवाद समजून शोधनिबंधातून वगळावीत, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन दिवस ती गच्चीवर तीच गणितं पुन्हा तपासत बसली. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत असताना जवळ येऊन बसली.

"वगळली त करार वाढते, वयनी."

"ती चूक आहेत का?" मी विचारलं.

"तेच त सापडून नाही राह्यलं. चूक सापडली असती त मीच पहिले खोडली असती."

तिनं ती गणितं ठेवूनच निबंध पाठवला. करार वाढला नाही. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध होता का, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिला दुसऱ्या देशात जागा मिळाली. शेगाव स्टेशनावर आम्ही पोचवायला गेलो. नको म्हणत असताना बाबाही काठी टेकत आले. बाकावर बसून त्यांनी श्वास घेतला आणि विचारलं, "बाई, थो समुद्र आपल्याइकडे येईन का?"

"नाही बाबा. आपण लय उंचावर हाओत. पाणी नाही येत इथं." ताई म्हणाली. "माणसं येतीन. समुद्राकाठची."

बाबांनी काठी बाकाला टेकवून ठेवली.

"मंग त्याइले प्याले काय द्याचं? आपली विहीर त खारी हाय."

ताईनं त्यांच्या शेजारी बसून त्यांचा लुळा हात दोन्ही हातांत घेतला. गाडी लागली तेव्हाही ती तो हात धरून तशीच बसली होती. मला तिला दंडाला धरून उठवावं लागलं.