मिश्रीत हळद

आमच्याकडं बायका दातांना मिश्री घासायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची. माझी आणि धाकट्या जावेची, दोघींची मिश्री मीच भाजायची. परभणीकडं झरीजवळ आमचं गाव. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वातावरण तापलेलं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट.

जावेचा नवरा, म्हणजे माझा दीर, शाळेत मास्तर. एकदा पेपर घेऊन चुलीपाशी आला आणि वाचून दाखवू लागला. हळदीत, लसणात, पालेभाजीत असं काही असतं की त्यानं कदाचित कॅन्सरला आळा बसेल, शास्त्रज्ञ तपासून पाहत आहेत. मी चौथी शिकलेली. तपासणीचं माझ्या डोक्यात शिरलंच नाही, हळद तेवढी शिरली. पुढच्या खेपेला मिश्री भाजताना मी मूठभर हळद तव्यावर टाकली. आता भीती नाही म्हणून जाऊ दोनदाच्या जागी चारदा घासायला लागली. मी अडवलं नाही. उलट स्वतःला शहाणी समजले.

वर्ष गेलं असेल. ती म्हणाली, "जाऊबाई, तिखट खाल्लं की गालात लय आग व्हायलीय."

बघितलं तर गालाला आतून पांढरा चट्टा. बोटाला खरखरीत लागायचा. मी घाबरले आणि त्यावर आणखी हळद चोळली. दहा दिवस चोळली. चट्टा जागचा हलला नाही.

परभणीला न्यायचं ठरलं, तर बंदमुळं दोन दिवस एसट्या नाहीत. त्या दोन दिवसांत मी अंगण किती वेळा झाडलं ते मलाच माहीत. दीर म्हणाला, वहिनी, बसा जरा. बसवत नव्हतं.

डॉक्टरला मी हळदीचं सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "बाई, हळद भाजीत घाला, लसूण खा. पेपरात आलं ते जेवणातलं. हा चट्टा तंबाखूचा आहे, त्यावर हळद काय करणार?" गालाचा तुकडा काढून त्यानं तपासायला पाठवला.

निकाल यायला पंधरा दिवस. मी गोधडी शिवायला घ्यायची, टाके वाकडे पडायचे, उसवायची. जावेकडं बघवत नव्हतं. डबीत हळद मी घातली होती.

कॅन्सर निघाला नाही. पण मिश्री सोडली नाही तर होऊ शकतो, असं डॉक्टरनं बजावलं.

घरी आल्या आल्या जाऊ म्हणाली, "न्हाई निघाला ना? मग द्या की चिमूटभर."

मी दोघींच्या डब्या उकिरड्यात झाडल्या. सकाळपासून मिश्री नाही म्हणून माझंही डोकं चढलं होतं, पण झाडल्या. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. रोज सकाळी मी तिला उन्हाकडं तोंड करून ओट्यावर बसवायची, चट्टा किती कमी झाला ते बघायला. ती तोंड उघडायची, मी बघून घेतलं की मिटायची. दोन महिने असं चाललं. शब्द म्हणून बोलली नाही.