जकात गेली आणि आमची लाईन

कारखाना बंद पडला की यंत्रं लिलावात जातात. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही! ते आमच्याकडेच साचतात आणि चार जुनी माणसं भेटली की बाहेर पडतात. हैदराबादेत कुकटपल्लीला आमचा रंगीत टीव्हीचा कारखाना होता. मी तिथे क्वालिटी इन्स्पेक्टर, नारायणगुड्याहून रोज बसने जाणारा.

*

थायलंडशी करार झाल्याची बातमी मी कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचून दाखवली. तिकडून येणाऱ्या टीव्हीवरची जकात हळूहळू जाणार होती. म्हणजे त्यांचा तयार टीव्ही आमच्यापेक्षा स्वस्त!

पॅकिंगचा यादगिरी घाबरून म्हणाला, "सार, उस टीव्ही में तेलुगू आता क्या?"

आमचा सर्वांत जुना टेस्टर खालिदभाई चहा ढवळत म्हणाला, "सब आता मियाँ! बस अपना पगार नई आता!"

*

पुढे कंपनीनेच तिकडचे टीव्ही मागवायला सुरुवात केली. पहिला नग खालिदभाईच्या टेबलावर आला. खोट सापडावी म्हणून आम्ही सगळे भोवती देव पाण्यात घालून उभे!

खालिदभाईने मागचं झाकण उघडलं, टॉर्च मारला, अर्धा तास आत बघितलं. मग स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "सोल्डरिंग अच्छी है जी."

त्या दिवशी तो जेवणाचा डबा न उघडताच घरी गेला. मला फार वाईट वाटलं. पण पठ्ठ्या खोटं बोलला नाही.

*

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागायचं. त्या वर्षी अर्धी लाईन उचलून झाली होती आणि त्या जागी थायलंडचे खोके रचलेले. पूजेचा मान यादगिरीचा. उरलेली यंत्रं झाल्यावर गडी त्या खोक्यांनाही कुंकू लावत सुटला.

मी ओरडलो, "अरे, हे आपण कुठे बनवलेत?"

"हौ सार, मगर अब रोटी तो येइच देते ना!"

*

मलकपेठला माझ्या सासूबाईंनी आयुष्यातला पहिला रंगीत टीव्ही घेतला. तोही तिकडचाच! स्वस्त झाला म्हणूनच त्यांना परवडला, हे मलाही कळत होतं. तरी तोंड पाडून बसलो.

त्या लाडू पुढे करत म्हणाल्या, "जावईबापू, टीव्ही कुठला का असेना, तपासायला माणूस घरचा आहे ना!"

तपासला. पास केला. काय करता!

*

आणि आता शेवटचा लॉट.

आमच्याकडे नियम होता : लॉटमधला, म्हणजे एका खेपेतला, एक जरी टीव्ही फेल असेल तर लॉट उघडा राहायचा. लॉट उघडा म्हणजे लाईन चालू, आणि लाईन चालू म्हणजे सगळ्यांचा पगार चालू. खालिदभाईची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेला दोन महिने होते; फीसाठी उचल मागताना त्याने हेड ऑफिसला तसं कळवलंही होतं.

शेवटच्या लॉटमधले सगळे टीव्ही पास झाले, एक राहिला. खालिदभाईने तो लावला, बघितला आणि लाल खडूने मोठी फुली मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुली. तिसऱ्या दिवशीही! ज्या माणसाने परक्या टीव्हीलाही खोटी नावं ठेवली नाहीत, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "फेल है साब."

मी स्वतः तपासला. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. खालिदभाई खाली मान घालून उभा. मी लाल खडू घेतला आणि फुलीवर फुली मारली.

आठवड्याने लाईन बंद करायला हेड ऑफिसचे कुलकर्णी साहेब आले. भलते कडक. "कुठाय तो फेल टीव्ही? लावा!"

लावला. पडद्यावर झेंडूचं शेत होतं, केशरी आणि पिवळं, डोळे दिपतील असं. अख्खी लाईन काम सोडून मागे येऊन उभी राहिली. साहेबांनी आधी पडदा बघितला, मग माणसं बघितली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"जोशी," साहेब मला म्हणाले, "रंग जरा फिके वाटतात. दोन महिने नीट तपासा."