चार पानांचा अहवाल

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा शिक्षिका म्हणून वर्गात उभी राहिले. तोवर दोन पदव्या झाल्या होत्या. चारचौघांत बोलण्याचे धाडस मात्र आले नव्हते. ग्वाल्हेरला माधवगंजातल्या शाळेत समावेशक शिक्षणाचे, म्हणजे अपंग मुलांना इतरांबरोबर एकाच वर्गात शिकवण्याचे, काम माझ्याकडे आले. मी त्याचे प्रशिक्षण घेतले होते हे एक कारण. दुसऱ्या कुणाला ते नको होते, हे दुसरे.

त्या शाळेत मुलांना उंचीप्रमाणे बसवत. बुटकी पुढे, उंच मागे. शाळा काढणारी मंडळी पिढीजात फौजी घराण्यांतली होती. रांग सरळ दिसली की शिक्षण झाले, असे त्यांना वाटे, आणि त्यांच्यामागून आलेल्यांनाही.

पाचवीतली एक मुलगी वर्गात सर्वांत उंच होती. तिला फार कमी दिसे. चष्म्याचाही फारसा उपयोग नव्हता. वहीवर ती इतकी वाकून लिही की नाकाच्या शेंड्याला पेन्सिलीचा काळा डाग लागे. "आली, नाक से लिखने वाली!" म्हणून मुले ओरडत. शेवटच्या बाकावरून तिला फळा म्हणजे नुसता काळोख होता. पाढे मात्र तेविसापर्यंत पाठ. एकदा ऐकलेला धडा ती दुसऱ्या दिवशी जवळजवळ जसाच्या तसा सांगे.

मी शिक्षकांच्या खोलीत तिच्या वर्गशिक्षिकेला भीत भीत विचारले, "हिला पुढे बसवता येईल का?"

"येईल की! मग मागच्यांना तिची पाठ वाचायला शिकवा. समावेश करायचा तर सगळ्यांचा करा ना, ताई."

सगळ्या शिक्षिका हसल्या. मीही हसले. भिंतीकडेचा पहिला बाक दिला तर ती कुणाच्याच आड येणार नाही, हे उत्तर मला सुचले ते घरी, भाजी चिरताना.

बोलणे जमत नाही तर लिहावे, असे मी ठरवले. मुलीच्या घरी जाऊन आले, पंधरा दिवस वर्गात मागे बसून नोंदी केल्या आणि चार पानांचा अहवाल लिहिला. मुलाला काय येते तिथून सुरुवात करा, असे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगितले होते. मी तसे केले नाही. आधी प्रश्न सिद्ध करावा, मग उपाय मांडावा, ही कॉलेजातली सवय सुटली नव्हती. पहिली दोन पाने अडचणींची. तिसऱ्यावर उपाय: कडेचा बाक, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका, वाचून दाखवणारी एक मैत्रीण. तिला काय काय येते, ते चौथ्या पानावर.

आठवड्याने मुख्याध्यापिकेने, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, मुलीच्या आईला बोलावले आणि मलाही. आई नई सडकवरच्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावून देई. मुलगी तिचा पदर धरून उभी होती.

मोठ्या बाईंनी अहवाल मोठ्याने वाचायला घेतला. 'फळ्यावरील मजकूर वाचण्यास पूर्णतः असमर्थ. लेखनाची गती वर्गाच्या तुलनेत अत्यंत मंद.' वाक्ये माझी होती आणि त्यांत एकही चूक नव्हती. दुसरे पान संपले तशी त्यांनी कागदांची घडी घातली.

"हे मी नाही म्हणत हं. आमच्या शिकलेल्या बाई म्हणताहेत. आम्ही कुणाला काढत नाही, कायदाच आहे तसा. पण इथे पोरीचे हाल होतात. इंदूरला अशा मुलींचं हॉस्टेल आहे. इथून नाव काढून तिकडे पाठवावं, असा तुम्ही आपणहून अर्ज द्या."

आई माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्ही तर घरी येऊन म्हणालात, मुलगी होशियार आहे. मग हे काय लिहून दिलंत?"

'पुढे आणखी दोन पानं आहेत', एवढेच मला म्हणायचे होते. मी टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले.

"बघा, त्या तरी काही बोलताहेत का?" मोठ्या बाई म्हणाल्या.

अर्ज हिंदीत हवा होता आणि आईला सहीपुरतेच लिहिता येई. "ताई, तुमचं अक्षर सुंदर. टाका लिहून," मोठ्या बाई मला म्हणाल्या. मी माझे शाईचे पेन काढले आणि लिहिले. 'स्वेच्छा से' हे शब्द मोठ्या बाईंनी सांगितले. ते योग्य जागी मी बसवले.

"त्यात लिहा ना, हिला पाढे येतात म्हणून," आई म्हणाली. "तिथल्या लोकांना माहीत तर पडेल."

"अर्जात असलं लिहीत नाहीत, बाई," मोठ्या बाईंनी तिला सांगितले.

मी लिहिले नाही. आईने थांबत थांबत सही केली. तेव्हा मुलीने पहिल्यांदा तोंड उघडले.

"हॉस्टेलात आई कुठे झोपते?"

शिक्का मारायला मोठ्या बाईंनी कागद आपल्याकडे ओढला.

"शाई अजून ओली आहे," मी म्हणाले. त्या खोलीत मी एवढेच बोलले.