पहिली धावणारी

माझी मुलगी हॉकीच्या मैदानात नेमकं काय करते, हे मला फार उशिरा कळलं. ती बचावात खेळते एवढं ठाऊक होतं. बचाव म्हणजे मागे राहायचं, असा माझा समज. मागे राहणारीला कशाला लागतंय, असं मी शेजारच्या बायांनाही सांगायची. मग एकदा देवरीत शाळेमागच्या मुरमाच्या मैदानावर सामना बघायला गेले आणि पेनल्टी कॉर्नर पाहिला. समोरच्या संघाची एक मुलगी रेषेवरून चेंडू आत ढकलते, दुसरी तो थांबवते आणि तिसरी जीव खाऊन गोलात मारते. आपल्या पाच जणी गोलरेषेमागे उभ्या असतात. चेंडू हलला की त्यातली एक सरळ मारणारीच्या अंगावर धावत जाते. गाठता आलं तर चेंडू हिसकावते, नाही तर स्वतःच आडवी येते. ती एक म्हणजे माझी मुलगी. तोंडावर प्लॅस्टिकचा मुखवटा, गुडघ्यांना पट्टे, आणि समोरून दगडासारखा चेंडू.

त्यानंतर मी मैदानावर गेले नाही. तिच्या वडिलांचं महामार्गाला लागून दुकान आहे, ते दुकान बंद करून सामने बघायला जात. मी घरी बसून ती दारातून दोन पायांवर चालत आत येईपर्यंत वाट बघायची.

मग आमच्या क्लबच्या दोन मुली भारताच्या ज्युनिअर संघात निवडल्या गेल्या. एक माझी, दुसरी चिचगडची. दोघी पाचवीपासून एकाच सरांच्या हाताखाली शिकल्या. उंची एक, बांधा एक, आणि पेनल्टी कॉर्नरला माझी धावली की तिच्या मागोमाग तीच धावायची. स्पर्धा मलेशियात होती. दोघी पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या. त्या गेल्या आणि सरांनी मला सांगितलं की चिचगडच्या मुलीच्या घरी मोबाईलला नेटवर्क टिकत नाही, तेव्हा तिची आई सामने बघायला तुमच्याकडे येईल.

आता बघायचं नाही म्हणायची सोय राहिली नाही. ती बाई सकाळच्या बसने यायची. थोडी धानाची शेती, बाकी मोहफुलं, तेंदूपत्ता, असं तिचं वर्ष. खुर्ची दिली तरी खाली बसायची. मी मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि आम्ही दोघी समोर बसायचो. सामन्याला कॉमेंट्री नव्हती, नुसता मैदानाचा गलका यायचा. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की मी उठून स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडून उभी राहायची. तिकडून तिची हाक यायची, "झालं व बाई, ये."

पहिले दोन सामने असेच गेले. तिसऱ्या सामन्यात पुन्हा पेनल्टी कॉर्नर झाला आणि मी उठायला लागले, तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"बस न," ती म्हणाली. "मीपण भिऊनच राहिली."

तोवर मला वाटत होतं, जंगलात अस्वलाचा माग दिसला तरी मोहफुलं वेचत राहणारी बाई, तिला कसली भीती. मी बसले.

गोलरेषेमागे मुखवटे घातलेल्या मुली वाकून उभ्या राहिल्या. चेंडू सुटला, दोघी पुढे धावल्या. मारणारीची काठी फिरली, चेंडू कुणाच्या तरी काठीला लागून वर उडाला आणि दोघींतली एक जागच्या जागी खाली बसली, मग आडवी झाली. तिने हात गळ्याकडे नेला होता. नंतर तो हातही खाली पडला. बाकीच्या मुली तिच्याभोवती गोळा झाल्या. बाहेरून माणसं धावत आली.

"कोणाची व?" चिचगडची बाई म्हणाली.

मला सांगता आलं नाही. कॅमेरा लांब होता, पाठीवरचे आकडे गर्दीत दिसत नव्हते. मी मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. स्ट्रेचर येताना दिसलं आणि चित्र तिथेच थांबलं. पडद्यावर लोडिंगचं चक्र फिरत राहिलं, मग तेही गेलं. मी पुन्हा पुन्हा लावून बघितलं. काही लागेना.

मी दुकानात निरोप पाठवला. मुलीचे वडील धावत आले आणि अंगणात उभे राहून सरांना फोन करू लागले. सरांनाही आमच्याइतकंच माहीत होतं. संघाच्या मॅनेजरचा फोन लागत नव्हता. आम्ही दोघी आत तशाच बसून राहिलो. ती बाई आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडच्या महादेवाला आणि तिथल्या दर्ग्यालाही हात जोडत होती. मी मनात म्हणत होते, माझी नको. माझी नको, तर मग कोणाची, त्याचं उत्तर माझ्या मांडीला मांडी लावून बसलेलं होतं. तीही तेच मागत असणार. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. चहाला बाहेर ठेवलेलं दूध मांजर पीत होतं, मी ते नुसती बघत होते.

तेवढ्यात मोबाईल वाजला. पडद्यावर माझ्या मुलीचा फोटो होता. तिचा फोन आला म्हणजे ती बरी आहे. माझ्या छातीतून श्वास सुटला आणि त्याच क्षणी शेजारी त्या बाईचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मी फोन उचलला, हॅलो म्हटलं. पलीकडून कोणी बोलेना. मी पुन्हा मुलीला हाक मारली.

"काकू, मी बोलून राहिली," आवाज आला. तो माझ्या मुलीचा नव्हता.

माझ्या हातातून मोबाईल निसटला. त्या बाईने तो उचलला. आपल्या मुलीचा आवाज ऐकून तिला रडू फुटलं असतं तरी मी समजू शकले असते. पण मला जे विचारता येत नव्हतं, ते तिने विचारलं.

"जिवंत आहे का तिची पोरगी?"

"हो माय, जिवंत आहे. मी तिच्यापाशीच बसली आहे. बोलता नाही येत तिले."

चेंडू मुखवट्याच्या खालून गळ्यावर लागला होता. थोडा वेळ शुद्ध नव्हती. आता ती दवाखान्यात होती आणि गळ्याची सूज वाढून श्वास अडेल का, हे डॉक्टर बघत होते. त्या मुलीने कॅमेरा सुरू केला. नाकाला नळी, गळा सुजून हनुवटीला टेकलेला, डोळे उघडे. माझ्या मुलीने मला बघून अंगठा वर केला. मी तिला म्हटलं, हात खाली ठेव, काही करू नको, फक्त श्वास घे.

चिचगडची बाई संध्याकाळच्या बसने गेली नाही. तिने आमच्या चुलीवर भात टाकला, मला जबरीने जेवायला बसवलं आणि दर फोनला माझ्या आधी उठली. दुसऱ्या दिवशी दुपारी सूज उतरू लागल्याचं कळलं, तेव्हा ती घरी गेली. संघ पुढच्या सामन्यात हरला. ते मला कोणीतरी नंतर सांगितलं.

मुलगी परत आली तेव्हा तिचा आवाज घोगरा होता, म्हाताऱ्या माणसासारखा. गोंदियाच्या स्टेशनवर लोक हार घेऊन आले होते, मी तिच्या गळ्यात कोणाला हार घालू दिला नाही. आता ही खेळणं सोडेल, असं मला वाटत होतं. काही आठवड्यांनी तिने काठी बाहेर काढली आणि मूठ नव्या पट्टीने गुंडाळायला बसली. मी शेजारी जाऊन बसले.

"तुले भेव नाही लागत?" मी विचारलं.

"लागते न. रोज लागते."

इतक्या वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

"मंग काऊन धावतेस?"

तिने पट्टी दाताने तोडली. "मी नाही धावली त तिले पहिलं धावा लागते," ती म्हणाली. ती म्हणजे चिचगडची.

मी तुटलेल्या पट्टीचं टोक काठीच्या मुठीवर दाबून धरलं. सरांनी शहरातून गळ्याला बांधायचा जाड पट्टा मागवून दोघींना दिला. पुढच्या शिबिराला दोघी एकाच बसने गेल्या. त्यांची बस सुटल्यावर मी चिचगडला फोन लावला. बऱ्याच वेळाने लागला. मी तिला विचारलं, काय करून राहिली. ती म्हणाली, धान लावायला बाया आल्या आहेत, पण हात चिखलात आणि लक्ष तिकडे. मी म्हटलं, माझंही तसंच आहे. मग आवाज तुटायला लागला. ती ओरडून म्हणाली की बांधावर जाऊन पुन्हा लावते, तिथे जरा नेटवर्क येते.