सुईवाले हवालदार

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, पलटणीत हवालदार आहेत आणि मी त्याच छावणीच्या फाटकाशेजारी शिंप्याचं दुकान चालवतो. जवानांच्या वर्द्या माझ्याकडे येतात आणि वर्द्यांबरोबर गप्पाही येतात. शिवाय ज्या सकाळबद्दल सांगणार आहे त्या सकाळी मी तिथे हजर होतो. गोड लावून बोलायला मला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

फाटकावरच्या पहाऱ्याची जबाबदारी दाजींकडे होती. पाळी बदलताना जवानाला बंदुकीच्या गोळ्या देण्याआधी ते त्याच्या हातात सुई आणि दोरा ठेवायचे. ओवली तर गोळ्या घे आणि उभा राहा. नाही ओवली तर जाऊन झोप, तुझ्या जागी राखीव माणूस उभा राहील. जागरण झालेल्या माणसाला विचारलं तर तो छाती काढून ठीक आहे असंच म्हणणार, पण सुई कुणाची भीड ठेवत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळे त्यांना सुईवाले हवालदार म्हणून चिडवायचे. माझ्या दुकानातल्या बारीक नेढ्याच्या सुया अशाच गायब झाल्या. मीही कुरकुर करायचो, पण त्यांच्या पहाऱ्यात कधी कुणाच्या हातून चुकून गोळी सुटली नाही, हे छावणीतलं शेंबडं पोरही सांगेल.

तर मुख्यालयातून एक मोठे साहेब यायचे ठरले. कशासाठी? जवानांच्या मानसिक स्वास्थ्यावर व्याख्यान द्यायला. हसू नका, मी थट्टा करत नाही. त्या व्याख्यानाच्या तयारीसाठी सुभेदारसाहेबांनी अख्ख्या पलटणीची झोप उडवली. रस्त्याच्या कडेचे दगड रंगवा, वाळले की पुन्हा रंगवा. खुर्च्या दोरी धरून लावा. टाळ्यांचीसुद्धा तालीम झाली, कुठल्या वाक्याला किती वाजवायच्या ते ठरवून. दिवसा पहारा केलेली पोरं रात्री दिव्याखाली चुना फासत बसायची आणि सकाळी पुन्हा पहाऱ्याला. राखीव माणसंही सुभेदारसाहेबांनी रंगकामाला पळवली. दाजींनी दोनदा जाऊन सांगितलं की माणसं थकली आहेत. त्यावर उत्तर मिळालं, साहेब जाईपर्यंत कळ काढा. स्वास्थ्यावरच्या भाषणासाठी माणसं आजारी पाडायची, याला काय म्हणावं?

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी मी मंचाचा पडदा शिवून पोचवायला गेलो होतो. पहारेकऱ्यांच्या खोलीत पाळी बदलत होती. बडबड्याची पाळी आली. हे त्याचं बराकीतलं नाव. तोंडाला कुलूप नाही, माझ्या तिरक्या चालण्याची नक्कल माझ्यासमोर करायचा. पण अलीकडे पोरगा गप्प गप्प झाला होता. जेवणाचं ताट तसंच परत जायचं, असं स्वयंपाकी मला म्हणालाही होता. दाजींनी त्याच्या हातात सुई ठेवली. त्याने ती ओवायचा प्रयत्नच केला नाही. खांद्यावरची बंदूक उतरवून मेजावर ठेवली.

"हवालदार, ही मला देऊ नका," तो खालच्या आवाजात म्हणाला. "एकटा उभा राहिलो की जीव नकोसा होतो. आज मला माझाच भरवसा नाही."

दाजींनी बंदूक उचलून कुलपात टाकली, त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बोललास हे बरं केलंस. मग त्याच्या जवळच्या मित्राला बरोबर देऊन डॉक्टरकडे पाठवलं. याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, डॉक्टर येईपर्यंत हात धरून बस, असं बजावलं. फाटक रिकामं होतं आणि राखीव माणूस नव्हता. दाजींनी गोळ्या घेतल्या आणि स्वतः पहाऱ्यावर जाऊन उभे राहिले.

सुभेदारसाहेब धापा टाकत आले. मोठ्या साहेबांची गाडी येणार आणि फाटकावर शिपायाच्या जागी हवालदार, म्हणजे पलटणीची अब्रू गेली, असं त्यांचं म्हणणं. झाला प्रकार कळल्यावर ते वरमले नाहीत, उलट त्यांनी तोड काढली. कुणी विचारलं तर पोरगा तापाने फणफणला होता म्हणून सांगायचं. दाजींची बढती त्याच महिन्यात व्हायची होती. ताईने तर बढतीबरोबर मिळणाऱ्या नव्या घरातल्या खोल्या मुलांना वाटूनही टाकल्या होत्या. सुभेदारसाहेबांनी आडपडदा न ठेवता तेही बोलून दाखवलं.

"ताप दोन दिवसांत उतरतो, साहेब," दाजी म्हणाले. "मग तुम्ही त्याला बंदूक देऊन पुन्हा इथेच उभा कराल."

तेवढ्यात गाडी आली. मोठ्या साहेबांनी काच खाली करून विचारलंच, हवालदार पहाऱ्यावर कसा? सुभेदारसाहेब ताप म्हणायला तोंड उघडत होते, पण दाजींनी सलाम ठोकून खरं काय ते सांगून टाकलं. जवानाचं मन ठिकाणावर नाही, त्याने स्वतः मदत मागितली आहे, आणि राखीव माणसं दगड रंगवत होती. साहेबांनी मान डोलावली, योग्य केलंत म्हणाले, आत गेले. व्याख्यान झालं, टाळ्या ठरल्याप्रमाणे पडल्या, साहेब जेवले आणि निघून गेले. तोंडभर कौतुक करणारा माणूस फाटकाबाहेर पडला की त्या कौतुकाचा काय उपयोग?

पुढच्याच आठवड्यात दाजींना पहाऱ्यावरून काढलं. कारण काय, तर पहाऱ्याचा प्रमुख आपली जागा सोडून शिपायाच्या जागी उभा राहिला. त्यांना कोठारात कांबळी आणि बूट मोजायला बसवलं. बढती दुसऱ्या हवालदाराला मिळाली. तो माणूस वाईट नाही. त्या सकाळी तोही खोलीत होता, नंतर कुणी विचारलं तेव्हा त्याला काही आठवलं नाही, एवढंच. ताई दोन दिवस दाजींशी बोलली नाही. मग बडबड्याची आई दवाखान्यातून थेट तिच्याकडे आली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. तेव्हापासून ताई खोल्यांचं नाव काढत नाही. बडबड्याला पुष्कळ दिवस दवाखान्यात ठेवलं. आता तो छावणीतल्याच गाड्या दुरुस्तीच्या कारखान्यात काम करतो, हातात पाना असतो, बंदूक नाही. जेवतो, झोपतो, आणि मला बघून पुन्हा तिरका चालतो.

माझा राग मात्र गेलेला नाही. परवा त्या दुसऱ्या हवालदाराचा शर्ट माझ्याकडे आला, खांद्यावर बढतीचा नवा तारा लावायला. मी मुद्दाम तिरका लावला. लोकांनी बघावं आणि हसावं, असं मला वाटत होतं. शर्ट न्यायला कोठारातून दाजीच आले. त्यांनी तो उजेडात धरला.

"उसव," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. तुमचा तारा आहे हा, म्हटलं, मी त्याच्या खांद्यावर सरळ लावणार नाही.

"पोरं या खांद्याकडे बघून हुकूम ऐकणार आहेत. त्यांची चेष्टा करतोयस तू, त्याची नाही."

मी उसवायला घेतला, पण रागाच्या भरात दोऱ्याबरोबर कापडही ओढत होतो. शेवटी दाजींनी शर्ट माझ्या हातातून घेतला, माझ्या स्टुलावर बसले आणि स्वतःच तो तारा टाचायला लागले. शिंपी मी आहे, पण त्यांचे टाके माझ्यापेक्षा सरळ पडत होते. मला ते बघवेना, मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.